आबांचा उघडा खण

उत्रोलीच्या शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा खोली भाड्याने देण्याआधी आबांनी मला एकच गोष्ट विचारली. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा नाही. म्हणाले, "मास्तर, तुमी वाचायला कुठल्या वक्ताला बसता?"

"शाळा सुटल्यावर. चार-साडेचारला," मी म्हणालो.

"आन् सुट्टीच्या दिशी?"

"सकाळी. पण मी खोलीतच बसेन. तुम्हाला त्रास नाही व्हायचा."

"खोलीत अंधार हाय," असं म्हणून ते उठून गेले. खोली मिळाली की नाही, ते मला त्यांच्या बायकोने, मावशींनी, सांगितलं.

पुढच्या रविवारी उजाडताच आबा अंगणात एक पोतं टाकून बसले. अर्ध्या तासाने उठले, पोतं दोन हात सरकवलं, पुन्हा बसले. असं दिवसभर. हातात काम नाही, तोंडात शब्द नाही. पौषातली थंडी होती म्हणून एक वेळ ऊन खाताहेत म्हणावं, तर भर दुपारीही ते हलेनात. आपण एका वेड्याच्या घरात राहायला आलो आहोत अशी माझी खात्री झाली. मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बघू नगा तिकडं. आमच्या लग्नात अंतरपाट धरला, तवा समदी नवरीकडं बघत हुती आन् हे मान वर करून मांडवाकडं."

सूर्य मावळल्यावर आबांनी जमिनीत चार खुंट्या ठोकल्या. मंगळवारी शाळेतून आलो तर तिथे खांबांसारख्या चार लाकडी मेढींवर शिंदीच्या झावळ्यांचं छप्पर उभं. खाली बाज. मी पुस्तक घेऊन बसलो. सावली बरोबर पुस्तकावर आणि मांडीवर पडली होती. पाय मात्र उन्हात होते. मी पाय आत ओढून घेतले, तर आबा लांबून ओरडले, "ऱ्हाऊ द्या बाहीर! पायाला ऊन पायजे, थंडी हाय."

त्या बाजेवर मी जेवढं वाचलं तेवढं पुढे आयुष्यात कधी वाचलं नाही.

आबांचा धंदाच सावलीचा होता. साठीच्या आसपासचा सडपातळ माणूस, शिंदीच्या काट्यांनी हाताच्या रेघासुद्धा पुसलेल्या. लग्नाचा मांडव असो, बाजारातली पडवी असो, नाहीतर कुणा पाहुण्या साहेबाच्या मुक्कामाचा निवारा असो, भोरपासून कापूरहोळपर्यंत माणूस आबांनाच बोलवी, आणि बोलावल्याचा दहा वेळा पश्चात्तापही करी. कारण आबा आले की आधी एक दिवस नुसते बसणार. मग ओढ्यावर जाऊन झावळ्या तोडणार, नदीत भिजत घालणार, त्यात आणखी दोन दिवस. कुणी घाई केली तर म्हणत, "घाई असंल तर छत्री घ्या."

शाकारणं बघायला मला आवडे. खालच्या वळचणीपासून सुरुवात करून वर आढ्याकडे जायचं. झावळीची पाठ वर, पोट खाली, शेंडा उताराकडे. वरची झावळी खालचीला अर्धी झाकणार. बांधायला वाखाची ओली दोरी, म्हणजे वाळताना ती आपोआप आवळते. खिळा वर्ज्य. एकदा भोरात एका वकिलांच्या मुलीच्या लग्नात, वऱ्हाड वेशीवर आलेलं असताना, आबांना मांडवाच्या कोपऱ्यात सुताराने घाईत ठोकलेला एक खिळा दिसला. ते तिथेच शिडी लावून वर चढले. खाली वाजंत्री, वरती आबा, आणि मध्ये वकीलसाहेब हात जोडून उभे. आबा म्हणाले, "पान वाळतं, आकसतं, हालतं. खिळ्याला हालनं ठावं न्हाई." खिळा निघाला, दोरी बसली, मगच नवरदेवाचा पाय आत पडला.

कापूरहोळच्या फाट्यावर एका चाचांचं चहाचं दुकान होतं. पुण्याकडे जाणाऱ्या मोटारीची वाट पाहत लोक तिथे बसत. चाचांनी दुकानापुढे सावली करून मागितली. आबांनी केलीही. चार दिवसांनी चाचा तणतणत उत्रोलीला हजर. दुपारनंतर सगळी सावली गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर, आणि चाचा, त्यांची चूल नि दुधाचं पातेलं उन्हात!

"म्या करपून चाललोय की आबा! दुकान कुनाचं, माजं का त्यांचं?"

आबा शांतपणे म्हणाले, "तुमाला ऊन लागलं तर तुमी उठून आत जाशीला. गाडीची वाट बघनारा कुठं जाईल? त्याला रस्ता सोडता येत न्हाई."

चाचा खूप बोलले, जेवले आणि गेले. छप्पर बदललं नाही. पुढे कधी त्या बाकड्यावर बसायची वेळ आली की चाचा मला मुद्दाम कपाळावरचा घाम दाखवायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आबा मूळचे उत्रोलीचे नव्हेत. भाटघरचं धरण झालं तेव्हा नदीकाठची जी गावं पाण्याखाली गेली, त्यांतलं एक त्यांचं. चाळीसेक उंबऱ्यांचं गाव. माणसं इकडेतिकडे पांगली. मात्र वैशाखात धरणाचं पाणी उतरलं की त्यांच्या गावदेवीचं दगडी देऊळ उघडं पडे. देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर माखलेला दगड, केव्हाच वरच्या अंगाला हलवलेला होता. तिच्या दिवशी तो डोक्यावर घेऊन सगळे पुन्हा खाली उतरत, जुन्या देवळात ठेवत, नैवेद्य दाखवत, जेवत आणि दिवस मावळायला पुन्हा वर नेत.

पण तिथे बसणार कुठे? पाण्यात राहून झाडं मेलेली, नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ, आणि वर वैशाखाचं ऊन. म्हणून दर वर्षी आबा तिथे मांडव घालत. लांबच लांब मांडव, घराला एक खण. दोन मेढींमधली जागा तो खण. खणांचा क्रमही जुन्या आळीतल्या घरांचाच. मेढी, वासे, आढं हे सगळं आबा आधी जाऊन उभं करून ठेवत. पानं मात्र ज्याची त्याने आणायची. प्रत्येक घराने आपापल्या झावळ्यांचा भारा घेऊन यायचं, आबांनी तो त्या घराच्या खणावर चढवायचा आणि त्या घराने त्याखाली बसायचं. मुंबईला गिरणीत गेलेली माणसंसुद्धा भाऊबंदांना निरोप धाडून आपला भारा पोहोचवत. मांडव पुरा झाल्याशिवाय नैवेद्य नाही, हेही आबांनीच ठरवलेलं.

पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा विचारलं, "मी काय आणू?"

"काय नगं. पाहुन्यानं कुनाच्याबी पानाखाली बसावं. घरच्यानं आपल्याच."

मी आबांच्या खणात बसलो. शेजारचा खण उघडा होता. मेढी होत्या, वासे होते, वर एकही पान नव्हतं. एवढ्या सावलीत तेवढाच एक उन्हाचा पट्टा, आणि लोक त्याला वळसा घालून पंगती वाढत होते. एक म्हातारी, कोपऱ्यावरच्या घरची, कुरकुरली, "आबा, दोन भारे टाक की तिथं. पोरं तरी बसतील." आबांनी ऐकून घेतलं आणि मांडव पुरा झाल्याचं सांगून नैवेद्य दाखवायला लावला.

तो खण त्यांच्या धाकट्या भावाचा, एवढं मला कळलं. भाऊ वेल्ह्याच्या बाजूला एका वाडीवर असतो आणि भावाभावांत बोलणं नाही, हेही कळलं. मी त्या वयात सगळ्यांना सगळं समजावून सांगण्याच्या भरात होतो. घरी आल्यावर आबांना म्हणालो, "हा सूड झाला, आबा. दर वर्षी चारचौघांत भावाची उघडी जागा दाखवायची, हे शोभत नाही तुम्हाला."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी पोरांना शिकवता तरी काय?" एवढंच म्हणाले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत ते एक वेळ चाललं असतं. पण एरवी उन्हाबरोबर सरकवत तसं त्यांनी माझं छप्परही सरकवलं नाही. ऊन फिरलं, आणि मी रोज चार वाजता पुस्तक डोक्यावर धरून बसू लागलो.

खरी हकीकत मावशींनी सांगितली, तांदूळ पाखडता पाखडता. पाणी यायची वेळ झाली तेव्हा आबांची आई घर सोडेना. धाकटा म्हणत होता, राहू द्या तिला शेवटच्या दिवसापर्यंत. तो नवी जागा बघायला वेल्ह्याकडे गेलेला असताना आबांनी आईला पाठीवर घेतलं आणि चालायला लागले. ती वाटभर त्यांच्या पाठीत बुक्क्या मारत होती. नव्या जागी ती दीड महिना जगली. धाकटा परतला तो एकदम तेराव्याला. भरल्या माणसांत आबांना म्हणाला, "तू आईला पाठीवर न्हाई, तिरडीवर नेलंस." आणि निघून गेला. त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती.

"मग खण कशाला उभा करतात?" मी विचारलं.

मावशींचं सूप थांबलं. "मास्तर, एवढं शिकलासा आन् ह्ये कळंना व्हय? न्हाई उभा केला तर लोकं म्हनतील त्याचं घर न्हाई. दुसऱ्याच्या पानानं झाकला तर त्यो म्हनंल माजी जागा गेली. उघडा ठिवला तर येता येईल का न्हाई?"

मला माझी लाज वाटली. आजही ते आठवलं की वाटते.

लाज वाटली की माणूस काहीतरी भलतंच करतो. दुसऱ्या वर्षी चैत्रात मी आबांना न सांगता त्यांच्या भावाला एक कार्ड लिहिलं. वाडीचं नाव मावशींकडून काढून घेतलं. देवीचा दिवस कळवला, वाट कळवली, वडील भावाने आपली जागा अजून राखली आहे असं चांगल्या अक्षरात लिहिलं. दोनदा वाचून शुद्धलेखनही तपासलं. उत्तर आलं नाही.

देवीच्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाचा सुमार असेल. तो उघडा खण सोडून सगळे शाकारून होत आले होते. आबा शेवटच्या खणावर वासा धरून उभे होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "धाकलं आलं!"

वरच्या वाटेने एक ठेंगणा, भरल्या अंगाचा म्हातारा येत होता. नाक थेट आबांचं. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात कोंबडा. ओळखीचे लोक पुढे धावले. तो कुणाशी फारसं न बोलता देवळापाशी आला, सगळं खाली ठेवलं, मांडवाकडे पाहिलं. कुणी न सांगता आपला खण ओळखला आणि जाऊन बसला. भर उन्हात.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पानांची ही रीत गाव बुडाल्यावर सुरू झालेली. हा माणूस ती रीत पडण्याआधीच गेलेला. त्याला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. कार्डावर मी नैवेद्याच्या वेळेपर्यंत सगळं लिहिलं होतं आणि झावळ्यांचं तेवढं विसरलो होतो.

लोक कुजबुजायला लागले. कोपऱ्यावरच्या घरची म्हातारी म्हणाली, "आमची दोन पानं जास्तीची हाईत. टाका तेवढी त्याच्यावर." आणखी दोघातिघांनी आपापल्यातली पानं पुढे केली. मी आबांना म्हणालो, "चूक माझी आहे. माझ्या नावाने टाका हवी तर."

आबा वरून म्हणाले, "न्हाई. दुसऱ्याच्या पानाखाली पाहुना बसतो. ह्यो पाहुना न्हाई."

धाकट्याच्या टकलावर घाम तरारला होता. तो मान खाली घालून बसला होता, आणि आता हा उठून जातो की काय, असं मला वाटलं. अकरा वर्षांनी आलेला माणूस माझ्या विसरभोळेपणामुळे परत गेला असता, तर आबांना तोंड कसं दाखवलं असतं मी?

आबा खाली उतरले. भावासमोर जाऊन उभे राहिले. कमरेचा कोयता काढून त्याच्यापुढे धरला. "ऊठ. चल."

एवढंच. पण तो उठला.

जुन्या घराच्या वाट्याची शिंदीची झाडं पाण्याच्या रेषेच्या वर, एका ओढ्याच्या मुखाशी शिल्लक होती. चढ उभा. पुढे आबा, मागे धाकटा, आणि प्रायश्चित्त म्हणून भारे वाहायला मी. खाली शंभर माणसं उपाशी. आमच्या पाठीमागे म्हातारी म्हणत होती, "दोघा म्हाताऱ्यांच्या पायी देवी उपाशी ऱ्हायली गं बाई!"

वर पोहोचताच कोयता चालू झाला. धाकटा झावळ्या तोडत होता, आबा त्यांचे काटे तासून त्या रचत होते. मग मागे न वळता धाकट्याने विचारलं, "शेवटाला आई लई रडली का?"

"रडली न्हाई. भांडली." आबांचा हात चालूच होता. "म्हनायची, हितं सावली उलट्या अंगाला पडती. आपल्या उंबऱ्यावर सकाळचं ऊन पाठीवर यायचं. तिथं तोंडावर यायचं. म्या अंगनात तिला छप्पर केलं. ती म्हनली, न्हाई जमलं. म्या हालवलं. रोज हालवायचो. दिसभर तिच्याजवळ बसायचो, ऊन बघत. जरा हिकडं, जरा तिकडं. दीड म्हैना."

कोयता थांबला होता.

"मंग?"

"शेवटल्या सकाळी म्हनली, आता बरुबर पडली. धाकल्याला बोलीव, म्हनावं, बस हितं."

धाकट्याने झाडाकडे तोंड केलं. मी भारा बांधायच्या निमित्ताने खाली बसलो. मग तो नाक ओढून म्हणाला, "ह्या झावळीला कीड हाय. दुसरी घेतो."

परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. पोरांना चुरमुरे देऊन गप्प केलेलं, मोठी माणसं गाळावर आडवी झालेली. झावळ्या भिजत घालायला वेळच नव्हता. आबा तशाच हिरव्या घेऊन वर चढले. धाकटा खालून एकेक झावळी देत होता. त्याने पोट वर करून दिली की आबा काही न बोलता ती उलटी करून घ्यायचे. पाच-सहा झावळ्यांनंतर तो आपसूक पाठ वर करून द्यायला लागला. वळचण झाली, मधली ओळ झाली, आढ्यापर्यंत काम आलं. शेवटची गाठ बसली तेव्हा ऊन डोंगराआड गेलेलं. सावली पडायला आता ऊनच नव्हतं. तरी धाकटा आत जाऊन बसला, वर बघितलं, आणि मांडी घातली.

आबा मात्र उतरेनात. बांधलेलीच गाठ सोडून पुन्हा बांधत बसले.

खालून आवाज आला, "दादा, उतर खाली. लोकं उपाशी हाईत."

अकरा वर्षांत आबांनी 'दादा' ही हाक ऐकली नव्हती. पण त्यांनी खाली पाहिलं नाही. दुसरी गाठ सोडायला घेतली.

धाकटा बाहेर आला, मान वर करून मोठ्याने म्हणाला, "दादा! उतर म्हनलं न्हवं!"

आबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर मला कधीच न दिसलेला खट्याळपणा होता. "मास्तर, खालनं कोन काय म्हनतंय का?"

माझ्या आयुष्यात मी योग्य वेळी योग्य उत्तर दिल्याचे प्रसंग फार थोडे. म्हणालो, "नाही बुवा. मला तर काही ऐकू आलं नाही."

तिसरी हाक धरणाच्या भिंतीपर्यंत गेली असेल. मग आबा उतरले.